ऑर्गनच्या माळ्यावरचा शार्ङ्गदेव

तालशास्त्रावरच्या एका चर्चासत्रात वक्त्याने ओलिव्हिए मेसियां या फ्रेंच ऑर्गनवादक-संगीतकाराच्या रचनेचा एक तुकडा ऐकवला आणि सांगितले, की यात पियानोच्या वाट्याला आलेली लय म्हणजे शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथातले तीन देशी ताल आहेत. सभागृहात लगेच तीन तट पडले. एक म्हणाला, ही सरळ चोरी आहे, आपले घेऊन गेले आणि स्वतःच्या नावावर खपवले. दुसऱ्याची छाती अभिमानाने फुगली : बघा, विसाव्या शतकातले युरोपचे संगीत आपल्या तालांवर उभे आहे. तिसरा तट तबल्यावर हयात घालवलेल्यांचा. त्यांचे म्हणणे, यात ना सम, ना खाली, ना ठेका. हा ताल नव्हेच, हे पुस्तकी खूळ आहे. चहाच्या वेळेपर्यंत आवाज चढले होते आणि त्यानंतरही कित्येक दिवस तीच भांडणे कानांवर येत राहिली. मला त्यातली एकही बाजू घेता येत नाही, कारण तिन्ही बाजू मेसियांबद्दल बोलतच नव्हत्या. त्या आपल्याबद्दल बोलत होत्या. मेसियां चोर नव्हता आणि भारतीय संगीताचा शिष्यही नव्हता. तो तालांच्या एका यादीचा वाचक होता, आणि तो जन्मभर ऑर्गनसमोर बसलेला वाचक होता. या दुसऱ्या गोष्टीकडे कोणी पाहत नाही. त्या यादीत त्याला जे दिसले ते ऑर्गनवाल्यालाच दिसावे असे होते.

आधी माणूस नीट पाहू. मेसियांचा जन्म 10 डिसेंबर 1908 चा, आव्हिन्यों शहरातला. आई सेसिल सोव्हाज कवयित्री, वडील इंग्रजीचे शिक्षक आणि शेक्सपिअरचे भाषांतरकार. दहाएक वर्षांच्या मुलाला नांतमधल्या शिक्षकाने द्युब्युसी या फ्रेंच संगीतकाराच्या ऑपेराची स्वरलिपी भेट दिली आणि मुलाचे पुढचे आयुष्य तिथेच ठरले. 1919 मध्ये तो पॅरिसच्या कॉन्झर्व्हातोआर या संगीतशाळेत दाखल झाला. तिथे ऑर्गन मार्सेल द्युप्रेकडे, रचना पॉल द्युकाकडे आणि संगीताचा इतिहास मोरिस इमान्युएलकडे. या इमान्युएलला प्राचीन ग्रीक छंदांचे वेड होते. लघू-गुरूच्या मापाने लय मोजता येते हे त्या वर्गातल्या मुलांना तिथेच कळले. 1931 मध्ये, बावीस वर्षांच्या वयात, मेसियां पॅरिसच्या ला त्रिनिते या चर्चचा मुख्य ऑर्गनवादक झाला. आरिस्तिद कावाये-कोल या विख्यात कारागिराने बांधलेला तो ऑर्गन. युद्धकैदेचा काळ आणि परदेशचे दौरे सोडले, तर 27 एप्रिल 1992 रोजी मरण येईपर्यंत, म्हणजे एकसष्ट वर्षे, त्याने ती जागा सोडली नाही. तोवर त्याचे नाव जगभर झाले होते, त्याची ऑपेरा पॅरिसमध्ये रंगमंचावर आली होती, त्याच्या वर्गातून पिएर बुलेझ, श्टॉकहाउझन, झेनाकिस यांच्यासारखे संगीतकार बाहेर पडले होते. तरीही रविवारी हा माणूस जिना चढून माळ्यावर जायचा आणि प्रार्थनेला साथ करायचा. आपल्याकडे देवळातल्या कीर्तनाला वर्षानुवर्षे पेटीची साथ करणारी माणसे असतात. त्यांना ही निष्ठा समजावून सांगावी लागणार नाही.

आता यादीकडे. शार्ङ्गदेव हा देवगिरीच्या यादवांचा माणूस. आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आलेले, वडील सोढल यादवांच्या आश्रयाला, आणि तो स्वतः राजा सिंघण याच्या पदरी श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात आजच्या दौलताबादच्या किल्ल्याच्या परिसरात या हिशेबनिसाने सात अध्यायांचा ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. पाचवा अध्याय तालाचा, आणि त्यात 120 देशी तालांची जंत्री आहे. पुढे सिंहभूपाल आणि कल्लिनाथ यांनी टीका लिहिल्या. हा सबंध ग्रंथ छापील रूपात अभ्यासकांच्या हाती आला तो पुण्याहून : महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रमाने, मंगेश रामकृष्ण तेलंग यांच्या संपादनाखाली, 1896-97 मध्ये तो प्रसिद्ध केला. सोळा-सतरा वर्षांनी, 1913 मध्ये, पॅरिसमध्ये लाविन्याकच्या संगीतकोशात झोआनी ग्रोसे या अभ्यासकाचा भारतावरचा दीर्घ लेख छापून आला. लिऑनच्या या संस्कृततज्ज्ञाने त्याआधी नाट्यशास्त्राच्या संपादनाचेही काम केले होते. त्याच्या लेखात ती 120 तालांची जंत्री आहे, आणि तरुण मेसियांच्या हाती ती पडली तिथूनच. देवगिरी, पुणे, पॅरिस. चोरीचा आरोप करणाऱ्यांनी हा रस्ता एकदा डोळ्यांपुढे आणावा. या वाटेवर कोणाच्या घराचे कुलूप फुटलेले दिसते?

तरी त्या आरोपातला दम मी नाकारत नाही. ज्या वर्षी मेसियां ला त्रिनितेच्या माळ्यावर चढला त्याच 1931 मध्ये व्हँसेनच्या उद्यानात वसाहतींचे अवाढव्य प्रदर्शन भरले होते. आशिया-आफ्रिकेतली माणसे, त्यांची नृत्ये, त्यांची देवळे पॅरिसकरांच्या करमणुकीसाठी मांडून ठेवली होती. ज्या काळात एक समाज दुसऱ्याकडे असा पाहतो, त्या काळातले ‘घेणे’ निष्पाप कसे मानायचे? शिवाय ज्यांच्याकडून घ्यायचे त्यांना विचारण्याची, त्यांच्यापुढे बसून शिकण्याची गरजही या घेणाऱ्याला वाटली नाही. ग्रोसेचा लेख पुरला. या तालांना तो फ्रेंचांच्या तेव्हाच्या सवयीने ‘हिंदू लयी’ म्हणत राहिला, जणू सातशे वर्षांत इथे काही हललेच नाही. आणि हे सगळे वापरले कशासाठी? कॅथलिक धर्मश्रद्धेचे स्तोत्र गाण्यासाठी. सिंहविक्रम, गजझंपा, लक्ष्मीश ही तालांची नावे ख्रिस्तजन्माच्या आणि त्रैक्याच्या ध्यानात जाऊन बसली. हे ऐकून एखाद्याच्या मनात कळ उठली, तर ती खोटी नाही.

पण आरोप चोरीचा आहे, आणि चोरीची पहिली खूण म्हणजे लपवणे. मेसियांने काय लपवले? 1944 मध्ये त्याने आपल्या सांगीतिक भाषेचे तंत्र सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात शार्ङ्गदेवाचे नाव घेतले आणि रागवर्धन हा ताल मूळ जंत्रीतल्या क्रमांकासह दिला. 1951 च्या ‘लिव्र दोर्ग’ या ऑर्गनग्रंथात तर स्वरलिपीतच तालांची नावे छापली आहेत. वाजवणाऱ्याने पान उघडले की त्याला प्रतापशेखर, गजझंपा आणि सारस ही नावे वाचावीच लागतात. त्याच्या मृत्यूनंतर सात खंडांत निघालेल्या लयविषयक ग्रंथाच्या पहिल्याच खंडात या देशी तालांचा सविस्तर विचार आहे. कॉन्झर्व्हातोआरमधल्या आपल्या वर्गात तो हे ताल शिकवायचा. देवगिरीच्या हिशेबनिसाचे नाव विसाव्या शतकात पॅरिसच्या संगीतशाळेत जितक्या आदराने घेतले गेले, तितक्या आदराने ते त्या काळात आपल्या किती विद्यालयांत घेतले जात होते?

दुसरा मुद्दा खुद्द शार्ङ्गदेवाचा. त्याने ज्या तालांना ‘देशी’ म्हटले ते ‘मार्ग’ म्हणजे जुन्या शास्त्रोक्त तालांहून वेगळे : ठिकठिकाणच्या लोकांच्या आवडीनिवडीतून आलेले. तो संग्राहक होता. त्याच्या रागांच्या अध्यायात तुरुष्कतोडी आहे, तुरुष्कगौड आहे. तुरुष्क म्हणजे तुर्क, परका. देवगिरीवर खिलजीची स्वारी व्हायला अजून काही दशके होती, आणि तरी परक्याच्या नावाचे राग या पंडिताने निःसंकोच आपल्या रत्नाकरात गुंफले. तुर्कांची परवानगी त्याने घेतली होती काय, असे आपण विचारत नाही. विचारणे आपल्याला सुचतही नाही.

आणि आपणही घेतलेच की. आलेक्सांद्र दबां याने हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये 1842 साली घेतले. साठ-सत्तर वर्षांत ही फ्रेंच पेटी मराठी माणसाच्या भजनात, लावणीत, नाटकात अशी मुरली, की तिच्याविना आपले संगीत कसे होते याची कल्पनाही आज करता येत नाही. बालगंधर्वांच्या गाण्यामागे पायाने भाता मारायचा ऑर्गन असायचा, आणि ‘ऑर्गन’ म्हटल्यावर मराठी मनाला चर्चआधी ते नाट्यपदच आठवते. 1940 मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, तीही याच कारणासाठी : हे वाद्य परके, त्याचे स्वर ठोकळ, त्याला मींड नाही. बंदी घालणाऱ्यांचे तांत्रिक आक्षेप खरे होते. तरी आपल्या पेटीवाल्यांनी त्या ठोकळ पट्ट्यांमधून जे काढले ते दबांच्या स्वप्नातही नव्हते. आपण त्या वाद्याचे ‘मूळ’ समजून घेतले नाही, चर्चची स्तोत्रे शिकलो नाही, फ्रेंच गुरूपुढे बसलो नाही. वाद्य हाती आले, आणि आपल्या कानाने त्याच्याकडून आपल्याला हवे ते मागितले. एक पेटी पूर्वेला आली, एक यादी पश्चिमेला गेली. सत्तेचे पारडे तेव्हा एका बाजूला झुकलेले होते, हे मान्य करूनही, पहिल्या व्यवहाराला कलेचे संस्कार आणि दुसऱ्याला दरोडा म्हणणे मला जमत नाही.

आता अभिमानी मंडळी. त्यांचे आवडते उदाहरण ‘तुरंगलीला सिंफनी’. 1946 ते 1948 या काळात लिहिलेली, बॉस्टनच्या वाद्यवृंदासाठी त्याचा संचालक कुसेव्हित्स्की याने मागवलेली, 2 डिसेंबर 1949 रोजी लिओनार्ड बर्नस्टीनच्या संचालनाखाली पहिल्यांदा वाजलेली ही दहा भागांची प्रचंड रचना. नाव संस्कृत, म्हणून ती भारतीय, असा यांचा सरळ हिशेब. पण ऐकून तरी पाहावे! तिच्यात राग नाही, आधारस्वराची स्थिर बैठक नाही. आहे तो अवघड पियानो, आहे ‘ओंद मार्तनो’ नावाचे विजेवर चालणारे, हुंकारासारखे ओघळणारे वाद्य, आणि आहे जावा-बालीच्या गमेलान या वाद्यवृंदाची आठवण देणारा धातूच्या वाद्यांचा झणकार. तिच्या मुळाशी ट्रिस्टन आणि इसोल्डे यांची युरोपीय प्रेमकथा आहे. तिच्या जोडीच्या एका रचनेत पेरूची लोकगीते आहेत. मेसियांच्या संगीतात ग्रीक छंद आहेत, चर्चमधले जुने ग्रेगोरियन गायन आहे, त्याने स्वतः घडवलेल्या स्वरमाला आहेत, आणि पक्षी आहेत, शेकड्यांनी. 1956 मध्ये पहिल्यांदा वाजलेल्या परदेशी पक्ष्यांवरच्या रचनेची सुरुवात तर भारतीय मैनेच्या हाकेने होते. देशी ताल या गर्दीतले एक. महत्त्वाचे, पण एक. त्याला सगळ्या युरोपचा पाया म्हणणे हे मेसियांवर अन्याय करणारे आहे आणि शार्ङ्गदेवाला त्याच्या मालकीचे नसलेले श्रेय देणारे आहे.

नावाचेही तसेच. शार्ङ्गदेवाच्या जंत्रीत सिंहलील आहे, गजलील आहे, हंसलील आहे, तसा तुरंगलील आहे. लील म्हणजे इथे चाल, डौल : हत्तीची, हंसाची, घोड्याची. मेसियांने ‘तुरंग’ मध्ये घोड्यासारखा धावणारा काळ पाहिला आणि ‘लीला’ मध्ये सृष्टीची उत्पत्ती-लय करणारी ईश्वरी क्रीडा आणि प्रेमही पाहिले. एका चालीच्या नावात विश्व कोंबले. मेसियांला कथा रंगवण्याची सवय होतीच. 15 जानेवारी 1941 रोजी, गोर्लिट्झजवळच्या जर्मन कैद्यांच्या छावणीत, ‘काळाच्या अंतासाठी चतुष्टय’ ही त्याची रचना पहिल्यांदा वाजली. पियानोवर तो स्वतः, बाकी तिघे सहकैदी. तो पुढे सांगायचा, श्रोते पाच हजार होते आणि चेलोला तीनच तारा होत्या. चेलो वाजवणारा एतिएन पास्किए मात्र शेवटपर्यंत सांगत राहिला, तारा चार होत्या. आणि त्या बराकीत काही शेकड्यांपलीकडे माणसे मावणेच शक्य नव्हते. म्हणून मेसियांने तालांच्या नावांचे जे अर्थ लावले ते जसेच्या तसे उचलून ‘आपल्या अध्यात्माचा विजय’ म्हणून मिरवू नयेत. ते त्याच्या अध्यात्माचे अर्थ आहेत.

तिसरा तट मला सर्वांत जवळचा, आणि म्हणून त्याच्याशीच माझा खरा वाद. तबलजी म्हणतात ते अक्षरशः खरे आहे. आपल्यासाठी ताल म्हणजे फिरून समेवर येणारे आवर्तन. त्याला वजन आहे, भरी आहे, खाली आहे. शास्त्रातसुद्धा ताल म्हणजे क्रिया : सशब्द आणि निःशब्द, टाळी आणि हाताची हालचाल. मेसियांने यातले काहीच घेतले नाही. त्याने तालाची कालखंडांची साखळी तेवढी घेतली. एक ताल संपला की दुसरा जोडला, कालखंड वाढवले, घटवले, उलटे फिरवले. त्याच्या रचनेत समेवर मान हलवायला जागा नाही. असा ताल आपल्या बैठकीत कोणी वाजवला तर आपण त्याला उठवू.

पण मग दोन प्रश्न उरतात. ज्या तालाला आपण ‘खरा’ म्हणतो, तो शार्ङ्गदेवाचा तरी आहे का? तबला शार्ङ्गदेवाने पाहिलेला नाही. ठेका ही कल्पना त्याच्या ग्रंथात नाही. तेराव्या शतकातला ताल द्रुत, लघू, गुरू, प्लुत या कालमापांनी लिहिला जायचा आणि हाताने व काशाच्या झांजांनी दाखवला जायचा. रत्नाकरातले राग आजच्या गाण्याशी जुळवता येत नाहीत हे भातखंड्यांनी स्वच्छ सांगून टाकले. तालांचे अंतर त्याहून कमी नाही. दक्षिणेत अजून एखादा विद्वान सिंहनंदन या तालात पल्लवी गातो, आपल्याकडे पखवाजवाले गजझंपा हे नाव जपून आहेत. पण जंत्रीतले बहुतेक ताल आपल्या हातांतून केव्हाच गळून गेले आणि परीक्षेच्या वहीत उरले. म्हणजे मेसियांपुढे जी यादी होती तीच आपल्यापुढेही होती, कागदावरची. तिच्याभोवतीची जिवंत परंपरा हे पॅरिसला न कळलेले आणि पुण्याला कळलेले गुपित नव्हते.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा. त्याने कालखंडच का उचलले? ‘पुस्तकी’ असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. त्यापेक्षा तो कुठल्या वाद्यापुढे बसत होता ते पाहावे. नळ्यांच्या ऑर्गनची कळ तुम्ही हलके दाबा की जोरात, नळीत जाणारी हवा तेवढीच. स्वराचा आवाज बदलत नाही. झडपा उघडून एकूण आवाज वाढवता येतो, नळ्यांचे संच बदलता येतात, पण एका विशिष्ट स्वरावर ठोका देता येत नाही. तबल्याचे सगळे काव्य ठोक्याच्या वजनात आहे. ऑर्गनमध्ये वजन नाहीच. शिवाय तबल्याची थाप निनादून विरते, ऑर्गनचा स्वर बोट उचलेपर्यंत जसाच्या तसा उभा राहतो आणि उचलताक्षणी तुटतो. मग ऑर्गनवाला लय दाखवणार कशाने? फक्त लांबीने. कुठे सुरू करायचे आणि नेमके कुठे सोडायचे, एवढेच त्याच्या हाती. द्युप्रेच्या शिस्तीत तर एकच स्वर पुन्हा वाजवताना मधली फट किती, हेही मोजून शिकवले जायचे. असे मनगट तयार झालेल्या माणसापुढे 120 तालांची अशी यादी येते, जिच्यात ठोका नाही, बोल नाही, फक्त लांब्या आहेत. त्याला त्यात परदेशी अलंकार दिसला नाही, आपल्या वाद्याची भाषा दिसली. तबलजीला ती यादी सांगाडा वाटते, कारण तिच्यावरचे मांस त्याला ठाऊक आहे. मेसियांच्या वाद्याला सांगाडाच बोलतो.

नेमके काय दिसले ते एका तालावर सांगतो, कारण हा सगळा वाद अशा उदाहरणाविना हवेत राहतो. लघू एक मात्रा, गुरू दोन, प्लुत तीन, द्रुत अर्धी. आणि द्रुताला विराम लागला की पाऊण. रागवर्धन या तालाचे माप असे : अर्धा, पाऊण, अर्धा, तीन. मेसियांने ते उलटे धरले आणि तीन मात्रांचा प्लुत तीन एकेकांत फोडला. आता हातावर मोजून पाहा : एक, एक, एक, अर्धा, पाऊण, अर्धा. दुसरा तुकडा पहिल्याची दुगुण वाटतो, पण सरळ दुगुणीत तीन अर्धे आले असते. इथे मधल्याला पाव मात्रा जास्त लागली आहे. त्या पावाने सगळी चौकट किंचित कलते. युरोपची लय तेव्हा दोन आणि तीनच्या समान भागांत बांधलेली होती, तीत असा एक पाव घुसवणे ही मोठी गोष्ट होती. शिवाय अर्धा-पाऊण-अर्धा हे दोन्ही बाजूंनी सारखेच आहे. आपण लहानपणी ‘चिमा काय कामाची’ उलटसुलट वाचून हरखतो, तसेच. धेंकी या तालातही तेच : दोन, एक, दोन. अशी लय उलटी फिरवता येत नाही, कारण उलटी केली तरी तीच राहते. आदि आणि अंत एकच असलेला काळ! ख्रिस्ती श्रद्धेने अनंताचा विचार करणाऱ्या या माणसाला त्या क्षुल्लक दिसणाऱ्या आकृतीत काळाबाहेरचा काळ दिसला. हा अर्थ शार्ङ्गदेवाचा नाही, तो ऑर्गनच्या माळ्यावरचा अर्थ आहे. पण तो अर्थ उभा राहिला तो शार्ङ्गदेवाने जपलेल्या मापावरच. 1935 च्या ख्रिस्तजन्मावरच्या नऊ ऑर्गन-ध्यानांपासून ‘लिव्र दोर्ग’पर्यंत हा विचार वाढत गेला, आणि त्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात मेसियांने एकापासून चौसष्टपर्यंतच्या चौसष्ट वेगवेगळ्या कालखंडांचे विणकाम केले. पुढे बुलेझ आणि श्टॉकहाउझन लयीचा जो काटेकोर विचार करू लागले, त्यांच्या शिक्षणात हा वर्ग होता.

परक्याने चुकीचे वाचून खरे काहीतरी घडवणे नवे नाही. दारा शुकोहने 1657 मध्ये उपनिषदांचे फारसी भाषांतर करवले. आंकतील-द्युपेराँ या फ्रेंच माणसाने 1801-02 मध्ये त्या फारसीचे लॅटिन केले. ते अडखळते, दोनदा गाळलेले लॅटिन वाचून जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर म्हणाला की हे माझ्या आयुष्याचे सांत्वन आहे. त्याने काशीला जाऊन वेदान्त शिकायला हवा होता, असे म्हणता येईल. तसे झाले असते तर एक बरा विद्यार्थी मिळाला असता. शोपेनहाउअर मिळाला असता असे मला वाटत नाही. तसेच मेसियां दहा वर्षे एखाद्या उस्तादापुढे बसला असता, तर तीनतालाची सम त्याला सापडली असती आणि रागवर्धनातला तो पाव हरवला असता. गुरुमुखी विद्येबद्दल माझ्या मनात काय आदर आहे हे मला ओळखणारे जाणतात, तरीही मी हे लिहितो आहे.

चर्चासत्रानंतर मी एका पखवाजवादक मित्राकडे गेलो. चतुष्टयाच्या पहिल्या भागात पियानो सतरा कालखंडांची साखळी पुन्हा पुन्हा वाजवतो : रागवर्धनाचे सहा, चंद्रकलेचे सात, लक्ष्मीशाचे चार. त्यांवर एकोणतीस स्वरसमूहांचे, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचे, दुसरे चक्र फिरते. सतरा आणि एकोणतीस, कधी लवकर भेटू न शकणारे आकडे. दोन्ही चक्रे पुन्हा एकत्र सुरू व्हायला 493 पायऱ्या लागतील, आणि तुकडा त्याच्या कितीतरी आधी संपतो. मित्राला मी आधी काहीच ऐकवले नाही. फक्त चंद्रकला हातावर मोजू म्हटले. तीन गुरू, तीन प्लुत, एक लघू. दोन दोन दोन, तीन तीन तीन, एक. तो बोटांच्या पेरांवर मोजत गेला, थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून बेरीज करून म्हणाला, सोळा. चंद्राच्या कला. इतकी वर्षे हा ताल त्याने वहीत लिहिला होता, पण नाव आणि माप कधी एकत्र मोजले नव्हते. मग मी ध्वनिमुद्रण लावले. क्लॅरिनेटवर काळा कस्तुर गात होता, व्हायोलिनवर नाइटिंगेल पक्षी, आणि खाली कुठेतरी पियानो. पहिल्या वेळी त्याला काही सापडले नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटले, मांडीवर दोन दोन दोन धरले, तीन तीन तीन धरले, आणि शेवटच्या एकावर बोट उचलून वर पाहिले.